डोना इनेसची शरणागती

“बाई, या वर्षी तुम्ही पोर्तुगीज व्हाल का?”

केळुसकर वकिलांनी स्टाफरूमच्या दारात उभं राहून हे विचारलं, तेव्हा मी सातवीचे पेपर तपासत होते. हळदीकुंकवाला येणार का, असं विचारावं तितक्या सहज विचारलं. बाकीचे शिक्षक एकदम मन लावून चहा पिऊ लागले. वकील आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते आणि मी त्यांच्या शाळेत मराठी शिकवणारी तात्पुरती शिक्षिका. जूनमध्ये मला कायम करायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं. त्यामुळे पोर्तुगीज व्हायचं की नाही, हे तसं माझ्या हातात नव्हतंच.

“म्हणजे नक्की काय व्हायचं, सर?”

“डोना इनेस. किल्लेदाराची बायको. नवरा तोफेच्या गोळ्याने पडतो, मग ती कॅथेड्रलच्या दारात येते आणि गुडघे टेकून किल्ल्याची चावी माझ्या हवाली करते. दोनच संवाद आहेत, पण फार परिणामकारक. मी स्वतः लिहिलेत.”

‘माझ्या’ म्हणजे सरदार हैबतरावांच्या. मराठ्यांनी दांडेकोटचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला त्याचा विजयदिन आमच्या गावात दर वर्षी एप्रिलच्या शेवटी होत असे, आणि दर वर्षी वकीलच हैबतराव होत. वय साठीला टेकलेलं. चिलखत पोटावरून पुढे सरकत नसे, म्हणून मागे नाडीने बांधलेलं. घोडा म्हणजे किनाऱ्यावर मुलांना फिरवणारं तट्टू. त्याला ठरावीक अंतर चालून वळायची सवय होती, त्यामुळे ऐन चढाईत आमचे सेनापती अर्ध्या वाटेवरून माघारी फिरत आणि तट्टूवाला त्यांना पुन्हा शत्रूकडे तोंड करून देत असे.

तरीही मराठे व्हायला गावात रांग लागे. अडचण होती ती पोर्तुगीजांची. हरायला कुणी तयार नसे. एका वर्षी अकरावीची मुलं पोर्तुगीज झाली, तर समोर मुली बसल्यात हे पाहून त्यांनी मरायलाच नकार दिला आणि लढाई अंधार पडेपर्यंत लांबली.

“पण सर, पोर्तुगीज मीच का?”

“अहो, तुमच्याइतकं जवळचं कोण आहे त्यांना?” वकील प्रेमाने म्हणाले. मग चूक झालीसं वाटून त्यांनी सावरून घेतलं. “शिवाय तुमचं मराठी! इतकं शुद्ध मराठी बोलता तुम्ही, आश्चर्य वाटतं.”

“आम्ही दुसरं काही बोलतच नाही, सर.”

“तेच तर,” वकील म्हणाले आणि तिथेच, स्टाफरूममध्ये, उजवा हात वर करून त्यांनी आपला आवडता संवाद म्हणून दाखवला. “‘उठा, डोना! आमची तलवार शत्रूच्या छातीवर चालते, बायांवर आणि देवळांवर नाही. या देवळाच्या एका दगडालाही धक्का लागणार नाही, हा हैबतरावाचा शब्द!’ इथे टाळ्या पडतात.”

मी एस्पेरन्सा तुस्कानो. आमचं घर दांडेकोटाबाहेरच्या ख्रिस्ती वाडीत. आमचे लोक पिढ्यानपिढ्या पानवेली आणि केळी करणारे. पोर्तुगीज आले, त्यांनी बाप्तिस्मा दिला, आडनाव दिलं आणि कधीतरी निघून गेले. पाठीमागे उरलं ते किल्ल्यातलं कॅथेड्रल. छप्पर नाही. पुढची भिंत, दोन कमानी आणि अर्धा मनोरा. आत कोळणी बोंबील वाळवत आणि मुलं क्रिकेट खेळत. गावातले हिंदू त्याला ‘मोठं देऊळ’ म्हणत आणि आम्हीही तसंच म्हणत असू, कारण आमच्यात चर्चला देऊळच म्हणतात. ‘कॅथेड्रल’ हा शब्द आला तो भांडणाबरोबर.

भांडण दोन माणसांचं होतं. वकील म्हणत, हे कॅथेड्रल म्हणजे परकीय सत्तेवरच्या विजयाची खूण, राष्ट्राची ठेव. माझे बावतीसकाका म्हणत, ही आमची मूळ धर्ममाता, हिच्यात पाऊल टाकायचं तर आम्हांला विचारा. काका कस्टममधून निवृत्त झालेले आणि पॅरिश कौन्सिलचे, म्हणजे वाडीच्या चर्चमंडळाचे, अध्यक्ष. आपण पोर्तुगीज सरदारांचे वंशज आहोत, अशी त्यांची खात्री होती. दिवाणखान्यात घराण्याचं मानचिन्ह लावलं होतं. दोन सिंह आणि मधे मासा. गोव्याच्या एका दुकानातून मागवलेलं. त्यांना पोर्तुगीज भाषेतले दोन शब्द येत. ‘बोम दिया’ म्हणजे शुभ सकाळ, आणि ते हे संध्याकाळीही म्हणत.

“सरदार कसले?” माझी आई म्हणायची. “तुझा आजा डोक्यावर पानाचे करंडे घेऊन बाजारात जायचा.”

“वहिनी, ती नंतरची परिस्थिती,” काका म्हणत.

वकील आणि काका एका बाकावर शिकलेले. पण भर रस्त्यात भेटले की एक म्हणे ‘मिस्टर तुस्कानो’ आणि दुसरा म्हणे ‘वकीलसाहेब’. दोघांच्या सभांना गर्दी होई. वकिलांच्या सभेत काकांची टिंगल आणि काकांच्या सभेत वकिलांची. एकाने तोंड बंद केलं असतं तर दुसऱ्याला बोलायला विषयच उरला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच्या पुढचं कळत नव्हतं.

मी पोर्तुगीज होणार, हे ऐकून काका घरी आले ते रागानेच.

“तुस्कानोंची मुलगी त्या जाड्यासमोर गुडघे टेकणार? सगळ्या गावादेखत? देवळाच्या दारात?”

“काका, माझी नोकरी आहे.”

“नोकरीसाठी धर्म विकशील?”

“नाटक आहे ते.”

“कधी आहे?”

“शेवटच्या रविवारी. दुपारी चारला.”

काका थांबले. खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्याच रविवारी सकाळी दहा वाजता देवळात त्यांची मिस्सा होती. अवशेषांची देखरेख करणाऱ्या खात्याने वकिलांना आणि काकांना एकाच तारखेची परवानगी दिली होती. वेळ वेगवेगळी होती, म्हणून कुणी हरकत घेतली नव्हती. पुष्कळ वर्षांनी त्या पडक्या भिंतींत प्रार्थना होणार म्हणून वाडीतल्या म्हाताऱ्या महिनाभर आधीपासून लाल लुगडी धुऊन ठेवत होत्या. आईही त्यांत होती. बिशप येणार होते.

“बरं,” काका अचानक मऊ आवाजात म्हणाले. “कर. करायचंच तर नीट कर.”

मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, शेवटी रक्ताचं माणूस.

त्या रविवारी सकाळी आई सजून बसली आणि साडेनऊला काका सांगत आले, की बिशपांची गाडी वाटेत बंद पडली, मिस्सा आता दुपारी तीनला होईल.

“तीनला? काका, चारला तिथं नाटक आहे!”

“मिस्सा तासाभरात आटपते,” काका म्हणाले. “वहिनी, तुम्ही जरा मागे बसा हं. पुढे ऊन असतं.”

मी धावत वकिलांकडे गेले. ते अंगणात उभे होते आणि त्यांचा मुलगा त्यांची नाडी बांधत होता. मी मिस्सेचं सांगितलं.

“असं का?” वकील म्हणाले. “बघू.”

एवढंच. ज्या माणसाने मागच्या वर्षी एक फुगेवाला मधे आला म्हणून कार्यक्रम थांबवून भाषण केलं होतं, तो म्हणाला, “बघू.” आणि मुलाला म्हणाला, “आवळ जरा.”

माझा वेष मुंबईच्या कपडेपटातून आला होता. तो कुठल्यातरी सिनेमात क्लबमधल्या नाचणारीने घातलेला असावा, कारण त्याला सगळीकडून टिकल्या होत्या आणि मी हलले की चमचम करत. डोक्यावर काळी जाळी. हातात थर्माकोलची सोनेरी चावी, माझ्या हाताएवढी लांब. अशी मी पावणेचारला देवळाच्या दारात जाऊन उभी राहिले. माझ्या बाजूला सहा पोर्तुगीज शिपाई, सगळे अकरावीतले, पुठ्ठ्याच्या टोप्या घातलेले.

आणि माझ्या पाठीमागे, आत, मिस्सा चालू होती. बिशप आले होते. चटयांवर वाडीतली माणसं बसली होती, बहुतेक बायका आणि म्हाताऱ्या. मिस्सा संपायच्या बेतात होती असं मला वाटलं, तेवढ्यात काका उठले आणि त्यांनी बिशपांच्या स्वागताचं भाषण सुरू केलं. स्वागताचं भाषण, शेवटी. त्यात त्यांनी कॅथेड्रलचा इतिहास पहिल्या दगडापासून घेतला.

चार वाजले. किनाऱ्याकडून ताशे वाजू लागले.

आधी वकील दिसले, तट्टूवर. त्यांच्यामागे आमची नेहमीची फौज. शाळेतली मुलं, टेलर, पोस्टमन, पुठ्ठ्याच्या ढाली आणि लाकडी तलवारी. गळ्यात दोरीने टांगलेला माइक वकिलांच्या छातीवर आपटत होता आणि त्याचा धडधड आवाज सगळ्या किल्ल्यात घुमत होता. इथपर्यंत सगळं दर वर्षीसारखं होतं.

मग त्यांच्यामागून दोन टेम्पो आले.

टेम्पोतून जे उतरले त्यांच्यातलं एकही तोंड मी ओळखत नव्हते. शहराकडची तरुण मुलं. त्यांच्या हातात लाकडी तलवारी नव्हत्या. काठ्या होत्या, खऱ्या, तेल लावलेल्या. घोषणा त्यांनीच उचलल्या, आणि आमची फौज ज्या घोषणा दर वर्षी हसत-खिदळत देत असे, त्या त्यांच्या तोंडून निराळ्याच ऐकू येऊ लागल्या. आमच्या पोस्टमनने मागे वळून पाहिलं आणि हळूच आपली ढाल खाली केली.

आत काकांचं भाषण थांबलं. बायका माना वळवून दाराकडे बघू लागल्या. सगळ्यांत मागे, म्हणजे दाराला सगळ्यांत जवळ, माझी आई बसली होती.

नाटकाप्रमाणे आता तोफा उडायच्या होत्या, म्हणजे सुतळी बॉम्ब. मग सहा पोर्तुगीजांनी दारात लढत मरायचं होतं, मग मराठ्यांनी दारापर्यंत मुसंडी मारायची होती आणि मग मी. पण माझ्या सहा शिपायांनी ते टेम्पो बघितले, एकमेकांकडे बघितलं आणि टोप्या टाकून ते समुद्राच्या दिशेने पळत सुटले. पोर्तुगीज साम्राज्याच्या रक्षणाला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

खरं सांगायचं तर मला शौर्य वगैरे काही सुचलं नाही. मी शिक्षिका होते आणि शिक्षिकेला एकच गोष्ट येते, वर्ग हाताबाहेर जायला लागला की धडा पटकन संपवणं. मी पायऱ्या उतरले, झपाझप चालत तट्टूपुढे गेले आणि वाळूत गुडघे टेकले.

“सरदार हैबतराव!” मी वर्गातल्या आवाजात ओरडले. “किल्लेदार पडले! किल्ला तुमचा! ही घ्या चावी!”

वकील तट्टूवरून खाली वाकले. माइकवर हात ठेवून कुजबुजले, “बाई, आधी लढाई आहे.”

“झाली. आम्ही हरलो.”

“अहो, तोफा राहिल्यात!”

“सर, मागे बघा.”

ते वळले. त्यांनी त्या मुलांकडे पाहिलं, त्या काठ्यांकडे पाहिलं. वकिलांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत होते. तो लाल होताना पाहिला होता. पांढरा पडलेला पहिल्यांदाच पाहिला. एक पिवळ्या शर्टातला मुलगा गर्दीतून पुढे येऊन तट्टूशेजारी उभा राहिला होता.

“काय चाललंय काका? जायचं ना आत?” तो म्हणाला.

“सर,” मी चावी वर धरली, “तुमचा संवाद.”

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. वकील तो संवाद महिनाभर म्हणत होते. कोर्टात जाताना म्हणत होते, आंघोळीला म्हणत होते, त्यांच्या बायकोने स्वतः मला सांगितलं होतं. समोर गाव बसलं होतं. कोळणी टोपल्या उलट्या घालून बसल्या होत्या. फोटोग्राफर होता. माइक चालू होता. मी हे सगळं ओळखून केलं असं आज म्हणायला आवडेल मला, पण मी फक्त चावी वर धरली होती. वकिलांची छाती मात्र आपोआप पुढे आली.

“उठा, डोना!” त्यांचा आवाज भोंग्यातून किल्ल्यावर आदळला. “आमची तलवार शत्रूच्या छातीवर चालते! बायांवर आणि देवळांवर नाही! या देवळाच्या एका दगडालाही धक्का लागणार नाही, हा हैबतरावाचा शब्द!”

टाळ्या पडल्या. कोळणींनी तर शिट्ट्या मारल्या.

“ओ,” पिवळा शर्ट म्हणाला. “देऊळ कुठंय इथं? हे तर चर्च आहे.”

माइक उघडा होता. हे सगळ्यांनी ऐकलं. आतल्यांनीही. टाळ्या थांबल्या आणि त्या शांततेत वकील तट्टूवर बसून राहिले. कपाळावरचा घाम मिशीच्या गोंदापर्यंत पोचला होता. मला वाटलं, गेलं सगळं.

“संवाद कुणाचा आहे?” वकील म्हणाले.

“काय?”

“नाटक मी लिहिलंय. सरदार मी आहे. मी म्हणतो ते देऊळ.” आणि मग एकदम चिडून, थेट कोर्टातल्या आवाजात, “मधे बोलू नकोस! प्रवेश चालू आहे!”

पिवळा शर्ट गोंधळला. त्याला मारामारी येत होती, पण चालू प्रवेशात काय करायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात आमच्या शाळेतली मराठ्यांची फौज, शरणागतीनंतर करायचं असतं त्याप्रमाणे, रांगेने खाली बसली. उभे राहिले ते फक्त टेम्पोतून आलेले, आणि मागच्या प्रेक्षकांतून “बसा रे, दिसत नाही!” असा ओरडा सुरू झाला. भोंग्यावर सूत्रसंचालकाने घाईघाईने जाहीर केलं, की कार्यक्रम संपला असून कस्टम बंगल्यात पोहे आणि चहाची व्यवस्था आहे.

काठीवाली मुलं थोडा वेळ एकमेकांकडे बघत राहिली. मग त्यांच्यातला एक पोह्यांकडे गेला. मग दुसरा. शेवटी पिवळा शर्टही गेला. जाताना मला म्हणाला, “तुमच्यामुळे सगळं फुकट गेलं.”

आत बिशपांनी शेवटचा आशीर्वाद दिला. आई बाहेर आली, माझ्या गुडघ्यांवरची वाळू तिने झटकली आणि म्हणाली, “चल घरी. हा झगा काढ आधी.”

मी समजत होते, गाव मला चांगलं म्हणेल. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. गुडघे टेकलेली मी, वर तट्टू, त्याच्यावर वकील. त्याच संध्याकाळी पॅरिश कौन्सिलची तातडीची सभा भरली आणि काकांच्या अध्यक्षतेखाली ठराव झाला, की कु. एस्पेरन्सा तुस्कानो यांना कॅथेड्रल शरण देण्याचा कोणताही अधिकार नव्हता आणि सदर शरणागती समाजावर बंधनकारक नाही. कौन्सिलमधल्या एकालाही आठवलं नाही, की चावी थर्माकोलची होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी विजयदिन समितीने उलट ठराव केला, की शरणागती प्रेक्षकांसमक्ष आणि स्वखुशीने झाली असल्याने ती कायम समजण्यात यावी. पण लढाई न होऊ देता विजयाचा अपमान केल्याबद्दल माझा निषेधही केला. म्हणजे चर्च देऊन टाकल्याबद्दल एकीकडून शिव्या आणि इतक्या लवकर देऊन टाकल्याबद्दल दुसरीकडून.

वाडीतल्या बायका विहिरीवर माझ्याशी बोलेनात. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

त्याच आठवड्यात एका दुपारी वकील आमच्या घरी आले. काका आधीच येऊन बसले होते. दोघांनी एकमेकांना ताठ मानेने नमस्कार केला.

“बाई,” वकील म्हणाले, “एक छोटंसं निवेदन द्यायचं पेपरात. लढाई आवरती घेण्याची सूचना मी तुम्हांला आधीच, गुप्तपणे दिली होती. प्रसंगावधान म्हणून. जूनचं मग मी बघतो.”

“असं कसं?” काका उसळले. “ती सांगेल की घाबरून केलं! काठ्यांच्या धाकाने! समाजावर दहशत होती, हे आलं पाहिजे!”

“मिस्टर तुस्कानो, दहशत वगैरे शब्द वापरू नका.”

“वापरणार! चार मुलं म्हणाला होतास तू! चार! दोन टेम्पो कसले आणलेस?”

वकील अगदी हळू म्हणाले, “बावत्या, गप.”

“चार मुलं म्हणजे?” मी विचारलं.

काकाच बोलले. लहान मुलाने वस्तू फुटल्यावर सांगावं तसे.

“थोडी ढकलाढकली व्हायची होती दारात. बस, एवढंच. या वश्याची चार मुलं, आमची चार मुलं.” काकांनी वकिलांकडे बोट केलं. “ फोटोग्राफर होताच. पोलीस येणार, आम्ही दोघे निवेदनं देणार. दिवाळीनंतर नगरपालिकेची निवडणूक आहे, तुला माहितीये. किल्ल्याच्या वॉर्डात तो, वाडीच्या वॉर्डात मी.”

“बिशपांची गाडी?”

“गाडीला काही झालं नव्हतं,” काका म्हणाले. “मीच त्यांना वेळ तीनची सांगितली होती.”

“मी एका ओळखीच्याला चारच सांगितली होती,” वकील म्हणाले. “शपथेवर. ते इतके येतील असं वाटलं नव्हतं. आणि आले तरी माझं ऐकतील असं वाटलं होतं.” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही चावी दिलीत तेव्हा, बाई, खरं सांगतो, मला रडू आलं असतं.”

“मग हेच द्या ना पेपरात,” मी म्हटलं.

“छे! असं कसं देणार?”

आई मघापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती पुढे आली.

“बावतीस, मी आत होते,” ती म्हणाली.

“म्हणून तर वहिनी, तुम्हांला मुद्दाम सांगितलं होतं ना मागे बसायला!”

“देवळात मागे म्हणजे दार, बावतीस.”

काकांना हे खरंच सुचलं नव्हतं. ते जन्मभर पहिल्या रांगेत बसत आले होते.

मी कुठलंच निवेदन दिलं नाही. मी त्याहून वाईट केलं, म्हणजे तसं मला वाटलं. मी खरं काय ते सांगत सुटले. फादरना सांगितलं, हेडमास्तरांना सांगितलं, विहिरीवर सांगितलं, कोळणींना सांगितलं. गाव पेटेल, दोघांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही, अशी माझी समजूत होती. फादर म्हणाले, “तसा अंदाज होता मला.” हेडमास्तर म्हणाले, “बाई, हे आता बोलून काय उपयोग?” कोळणी म्हणाल्या, “एका बाकावरचे आहेत ना ते.” एकालाही धक्का बसला नाही. गावात धक्का बसायची बाकी असलेली मी एकटीच होते.

जूनमध्ये मला कायम केलं नाही. मराठीच्या शिक्षिकेची आवश्यकता नाही, असं कारण दिलं. मी दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेत अर्ज केला आणि तिथेच पुढे नोकरी संपवली. पावसाळ्यात खात्याने देवळाभोवती काटेरी तार घातली आणि दाराला लोखंडी जाळी बसवली. वाद असल्यामुळे प्रवेश बंद, अशी पाटी लागली. राष्ट्राची ठेव आणि धर्ममाता दोन्ही कुलपात गेल्या. कोळणींना बोंबील वाळवायला जागा राहिली नाही. त्याबद्दल कुणी ठराव केला नाही.

निवडणुकीला मी मतदानासाठी गावी आले. दोघांच्याही प्रचाराच्या कागदावर माझा फोटो होता. वकिलांच्या कागदावर पूर्ण तट्टू दिसत होतं. काकांच्या कागदावर तट्टू कापून टाकलं होतं. फक्त गुडघ्यांवर बसलेली मी आणि खाली ठळक अक्षरांत, ‘पुन्हा हे घडू द्यायचं का?’

आई लाल लुगडं नेसून मत देऊन आली आणि पायरीवर बसून चपला काढू लागली.

“कुणाला दिलंस?” मी विचारलं.

“बावतीसला.”

“आई, तू दारात बसली होतीस. ते टेम्पो ज्यांनी आणवले, त्यांच्यातला एक तो आहे.”

“माहितीये.”

“मग?”

“ते टेम्पो पुन्हा येतील तेव्हा?” आई म्हणाली. “तू तर तिकडे नोकरीला. आपल्यातलं कुणीतरी असायला हवं, ज्याला आधी कळेल.”